क्ष-किरण तंत्रज्ञ : शिक्षण, शिस्त आणि संधी

आमच्या निवासी शाळेतून दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचे पालक पुढील शिक्षणाविषयी आम्हां शिक्षकांचा सल्ला घेतात, तेव्हा बहुधा दोन टोकांच्या इच्छा बोलून दाखवतात. मुलाने डॉक्टर व्हावे ही पहिली. ते जमणार नसेल तर कला शाखेची पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेला बसावे ही दुसरी. दोन्ही इच्छा रास्तच आहेत. परंतु या दोहोंच्या मध्ये विज्ञानावर आधारलेल्या व्यवसायांचे जे विस्तीर्ण क्षेत्र पसरलेले आहे, त्याची ओळख आपल्या घराघरांत अद्याप पुरेशी झालेली नाही. त्या क्षेत्रातील एका व्यवसायाचा, म्हणजे क्ष-किरण तंत्रज्ञाच्या शिक्षणाचा, परिचय या स्मरणिकेच्या निमित्ताने करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

देवळाली कॅम्पच्या रहिवाशांना रुग्णालय ही संस्था नवी नाही. येथील कोरड्या, निरोगी हवेमुळे मुंबईच्या दानशूर कुटुंबांनी या भागात आरोग्यभुवने बांधली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवरील आजारी आणि जखमी सैनिक मुंबई बंदरात उतरवून देवळालीच्या लष्करी रुग्णालयांत आणले जात. ३४ वे वेल्श जनरल हॉस्पिटल हे त्यांपैकीच एक. आजही येथे लष्करी रुग्णालय आहे, छावणी परिषदेचे रुग्णालय आहे. नाशिक शहरात जिल्हा रुग्णालय आहे आणि १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही म्हसरूळला, म्हणजे आपल्याच तालुक्यात आहे. या व अशा रुग्णालयांत आपल्या समाजातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली. पण त्यांच्या हाती बहुधा झाडू, स्ट्रेचर किंवा बेडपॅन आले. यंत्राच्या खोलीची साफसफाई त्यांनी केली, यंत्र मात्र दुसऱ्याने चालवले.

हे अंतर कशाने तुटेल, याचा विचार परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार पूर्वी केला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी जे निवेदन सादर केले, त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना आर्थिक साहाय्य द्यावे, अशी स्पष्ट मागणी होती. विज्ञानाचे शिक्षण खर्चिक असते आणि सरकारी मदतीशिवाय ते गरिबाच्या मुलाच्या आवाक्यात येत नाही, हे त्यामागील कारण होते. पुढे १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या शिष्यवृत्तीचा लाभ आजही हजारो कुटुंबे घेत आहेत. परंतु ती घेऊन विज्ञानाकडे वळणारे आपले विद्यार्थी अजूनही थोडे आहेत.

तंत्रज्ञ कोण आणि रेडिओलॉजिस्ट कोण?

या दोन शब्दांत पालकांची नेहमी गल्लत होते. रेडिओलॉजिस्ट हा एमबीबीएसनंतर क्ष-किरण निदानशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. तो प्रतिमा वाचतो आणि निदानाचा अहवाल लिहितो. ती प्रतिमा ज्याच्या हातून तयार होते, तो क्ष-किरण तंत्रज्ञ. एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय, मॅमोग्राफी या तपासण्यांत रुग्णाला योग्य स्थितीत ठेवणे, यंत्राची मात्रा ठरवणे, अनावश्यक किरणांपासून रुग्णाचे व इतरांचे रक्षण करणे आणि वाचता येईल अशी प्रतिमा डॉक्टरांच्या हाती देणे, हे त्याचे काम होय. अहवाल देणे त्याच्या अधिकारात नाही. मात्र प्रतिमाच सदोष असेल, तर उत्तमातील उत्तम डॉक्टरचाही अंदाज चुकू शकतो.

येथे सोनोग्राफीविषयी एक खुलासा आवश्यक वाटतो. परदेशांत सोनोग्राफी करणारे स्वतंत्र तंत्रज्ञ असतात. आपल्याकडे १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यान्वये गर्भवतीची सोनोग्राफी विहित पात्रता असलेल्या डॉक्टरनेच करावयाची असते. ‘सोनोग्राफी टेक्निशियन व्हा’ अशा जाहिराती पाहून पैसे भरण्यापूर्वी पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

एका एक्स-रेमागे किती शास्त्र असते?

‘बटण दाबायचे, त्यात शिकायचे काय?’ हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. त्याचे उत्तर छातीच्या साध्या एक्स-रेने देता येईल.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म रंटजेन यांना या किरणांचा शोध लागला. स्वरूप अज्ञात म्हणून त्यांनी त्यांना ‘एक्स’ हे नाव दिले. मराठीत तेच ‘क्ष’ झाले. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या शोधाचे एकस्व त्यांनी घेतले नाही, त्यामुळे तो सर्व जगाचा झाला. निर्वात नळीतील तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, उच्च विद्युतदाबामुळे प्रचंड वेगाने टंगस्टनच्या लक्ष्यावर आदळतात आणि तेथे क्ष-किरण निर्माण होतात. या आघातातील सुमारे ९९ टक्के ऊर्जा उष्णतेत जाते. किरणांच्या वाट्याला जेमतेम एक टक्का येतो. म्हणून मोठ्या यंत्रांत लक्ष्याची तबकडी फिरती ठेवलेली असते. विद्युतदाब वाढवला की किरणांची भेदकता वाढते आणि विद्युतप्रवाह वा वेळ वाढवली की त्यांची संख्या वाढते. कृश मुलाला आणि स्थूल प्रौढाला एकच मात्रा चालत नाही. ती प्रत्येक वेळी विचारपूर्वक ठरवावी लागते.

आता रुग्णाची स्थिती पाहू. छातीचा एक्स-रे काढताना उभे राहू शकणाऱ्या रुग्णाची छाती फिल्मच्या बाजूला टेकवतात आणि किरण पाठीकडून सोडतात. हृदय छातीच्या पुढच्या भागात असल्याने ते फिल्मजवळ येते आणि त्याची सावली फार मोठी होत नाही. याच कारणासाठी नळी सुमारे १८० सेंटिमीटर दूर ठेवतात. खांदे पुढे वळवायला सांगतात, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. मग दीर्घ श्वास घेऊन रोखायला सांगतात, म्हणजे पडदा खाली जातो आणि फुप्फुसे पूर्ण उलगडतात. रुग्णाने अर्धाच श्वास घेतला, तर निरोगी माणसाचे हृदय मोठे आणि फुप्फुसाचा तळ धुरकट दिसू शकतो. डाव्या-उजव्या बाजूची खूण लावायची राहिली, तर त्याहून गंभीर घोटाळा संभवतो. एका मिनिटात उरकणाऱ्या या कामात भौतिकशास्त्र, शरीररचनाशास्त्र आणि माणसाशी बोलण्याची कला, तिन्ही एकत्र येतात.

यातील स्पर्शाची बाब आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. तंत्रज्ञाला रुग्णाचा खांदा वळवावा लागतो, मान सरळ करावी लागते, मोडलेला हात अलगद उचलून ठेवावा लागतो. २ मार्च १९३० रोजी ज्या नाशकात काळाराम मंदिराच्या दाराशी आपल्या पूर्वजांना सत्याग्रह करावा लागला, त्याच नाशकातील रुग्णालयांत आज कोणत्याही जातीचा रुग्ण तंत्रज्ञाच्या हाती आपले दुखरे शरीर सोपवतो आणि तो सांगेल तेव्हा श्वास रोखतो. ज्ञानाने मिळालेला हा अधिकार आहे. तो वापरताना करुणा आणि शील यांचा विसर पडू नये, एवढेच आमचे विद्यार्थ्यांना सांगणे आहे. स्त्री रुग्णाची तपासणी करताना तिची लज्जा राखणे, तपासणीत समजलेली गोष्ट बाहेर न बोलणे आणि घाबरलेल्या वृद्धाला दोन शब्दांत धीर देणे, हाही या शिक्षणाचाच भाग होय.

भीती आणि वस्तुस्थिती

मुलीला या क्षेत्रात पाठवण्यास अनेक पालक कचरतात. ‘किरणांनी आजार होतो’ ही त्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही. आरंभीच्या काळात संरक्षणाचे नियम नसल्याने अनेक डॉक्टर व तंत्रज्ञ भाजले, त्यांची बोटे कापावी लागली, काहींना कर्करोगाने मृत्यू आला. एडिसनचे सहकारी क्लॅरेन्स डॅली हे १९०४ साली असेच दगावले. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे १९३६ साली उभारलेल्या स्मारकावर अशा १६९ जणांची नावे कोरलेली होती. पुढे त्यांत आणखी भर पडली. आजचे नियम या माणसांच्या बलिदानातून आले आहेत.

ते नियम मुळात तीन शब्दांत सांगता येतात : वेळ, अंतर आणि आडोसा. किरणांच्या सान्निध्यात कमीत कमी वेळ राहावे. शक्य तितके दूर राहावे. अंतर दुप्पट केले की मात्रा एक चतुर्थांश होते. आणि शिशाचा एप्रन किंवा शिशाचा पडदा यांच्या आडून काम करावे. आपल्या देशात १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ या सर्वांवर देखरेख ठेवते. १८ वर्षांखालील व्यक्तीला किरणांच्या कामावर नेमता येत नाही. किरणांजवळ काम करणाऱ्याच्या छातीवर टीएलडी बॅज नावाचा बिल्ला असतो. तो दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी पाठवतात आणि त्या काळात अंगावर किती मात्रा पडली, याची नोंद राहते. कर्मचाऱ्यासाठी मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट इतकी असून कोणत्याही एका वर्षात ती ३० च्या वर जाता कामा नये.

हे आकडे समजून घेण्यासाठी एक तुलना उपयोगी पडेल. माती, खडक, हवा आणि अवकाश यांतून जगातील प्रत्येक माणसाला निसर्गतःच वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळत असते. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा याच्या अगदी लहान अंशाइतकी असते. सीटी स्कॅनची मात्र त्याहून कित्येक पट अधिक असते. एमआरआय आणि सोनोग्राफी यांत असे किरण नसतातच. नियम पाळणाऱ्या खोलीत पडद्याआडून काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या बिल्ल्यावरील नोंद मर्यादेच्या पुष्कळ खाली राहते. गर्भवती कर्मचाऱ्यासाठी मर्यादा अधिक कडक आहे. तिने वेळीच कळवले की तिच्या कामाची मांडणी त्यानुसार बदलावी लागते. पहिल्या महायुद्धात मेरी क्युरी यांनी एक्स-रे यंत्रे बसवलेल्या गाड्या आघाडीजवळ नेल्या आणि ती यंत्रे चालवण्यासाठी सुमारे १५० स्त्रियांना वीज, क्ष-किरण व शरीररचना यांचे शिक्षण दिले. हा व्यवसाय स्त्रियांसाठी नाही, असे म्हणण्यास इतिहासात आधार नाही.

धोका असतो तो अज्ञानात. एमआरआय यंत्रातील चुंबक तपासणी चालू नसतानाही कार्यरत असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात रुग्णासोबत आलेल्या एका तरुण नातेवाइकाने ऑक्सिजनचे सिलिंडर त्या खोलीत नेले. चुंबकाने सिलिंडरसह त्याला खेचून घेतले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्या दारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याचे शिक्षण का पक्के असावे लागते, हे यापेक्षा वेगळे सांगण्याची गरज नाही.

शिक्षणाचा मार्ग

या वाटेचा पहिला फाटा अकरावीतच येतो. विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय घ्यावेत. केवळ गणित ठेवून जीवशास्त्र सोडणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे हे दार बंद होऊ शकते. बारावीनंतर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी., म्हणजे परावैद्यक तंत्रज्ञानातील पदवी, हा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. तो वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवला जातो. त्यात तीन वर्षांचे शिक्षण व त्यानंतर आंतरवासिता असते आणि क्ष-किरण तंत्रज्ञान ही त्यातील एक शाखा आहे. इतर विद्यापीठांत बी.एस्सी.चे व पदविकेचे अभ्यासक्रमही आहेत. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, प्रारणभौतिकी, यंत्रांची रचना, रुग्णस्थिती, प्रारणसुरक्षा आणि रुग्णसेवा हे यातील मुख्य विषय होत. पूर्वी डार्करूममध्ये फिल्म धुण्याचे कौशल्य प्रथम शिकवले जाई. आता तिची जागा संगणकीय प्रतिमेने घेतली आहे.

२०२१ साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. क्ष-किरण तंत्रज्ञांचा त्यात समावेश आहे. या कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३६०० तासांचे शिक्षण ठरवून दिले आहे. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राचे भवितव्य काय, हे या आकड्यांवरून उमजावे. आमच्या मते ज्याला शक्य आहे त्याने पदवीचाच मार्ग धरावा.

शिक्षणानंतर शासकीय रुग्णालयांत क्ष-किरण तंत्रज्ञाची पदे असतात, खासगी रुग्णालये व निदान केंद्रे असतात, लष्कराच्या वैद्यकीय दलातही रेडिओग्राफर असतात. पुढे सीटी, एमआरआय, हृदयविकाराची कॅथलॅब किंवा कर्करोगावरील किरणोपचार यांत प्रावीण्य मिळवता येते. क्षयरोगाच्या शोधमोहिमांत आता हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे वस्त्यावस्त्यांवर पोहोचत आहेत. ज्या वस्त्यांत क्षयाने अधिक बळी घेतले त्या वस्त्यांतीलच शिकलेली मुले ही यंत्रे घेऊन जातील, तर लोकही तपासणीला विश्वासाने पुढे येतील.

या व्यवसायातील कष्टही लपवू नयेत. रात्रपाळी असते, सणावारी ड्युटी असते, अपघातात चिरडलेले देह पाहावे लागतात, जड रुग्ण उचलावे लागतात. खासगी ठिकाणी आरंभीचा पगार तुटपुंजा असतो आणि अनेक जागा कंत्राटी असतात. हे जाणून, मनाची तयारी करूनच या वाटेला लागावे.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका मजूर कुटुंबाने दागिने मोडून मुलाला एका खासगी संस्थेत घातले. दोन वर्षांनी हाती आलेल्या प्रमाणपत्रावर कोणत्याही विद्यापीठाचे वा शासकीय मंडळाचे नाव नव्हते. मुलगा हुशार होता, कष्टाळू होता. तरी शासकीय भरतीत त्याचा अर्जच अपात्र ठरला. असे पुन्हा घडू नये म्हणून पालकांनी पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत आणि उत्तरे लेखी मागावीत.

१. पदवी किंवा पदविका कोणते विद्यापीठ वा शासकीय मंडळ देणार? त्यांच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत या संस्थेचे नाव चालू वर्षी आहे काय?

२. संस्थेचे स्वतःचे किंवा संलग्न रुग्णालय आहे काय? तेथे कोणती यंत्रे आहेत आणि त्यांना अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आहे काय?

३. प्रात्यक्षिके किती तासांची? विद्यार्थ्याला स्वतः काम करावयास मिळते, की तो नुसता उभा राहून पाहतो?

४. प्रात्यक्षिकाच्या काळात विद्यार्थ्याला टीएलडी बॅज दिला जातो काय? जी संस्था बिल्ल्याचा खर्च वाचवते, ती आपल्या मुलाच्या आरोग्याची किती फिकीर करत असेल, याचा विचार करावा.

५. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना या अभ्यासक्रमासाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू आहे काय? नसेल, तर का नाही, हे अवश्य विचारावे. ही शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांनाच मिळत असल्याने या एका प्रश्नातून पुष्कळ काही उघड होते.

खर्चाविषयीही थोडे सांगणे अगत्याचे आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असल्यास ही शिष्यवृत्ती महाडीबीटी संकेतस्थळावरून मागता येते. समाजकल्याण विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत. तेथे प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मात्र जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि जात पडताळणी प्रमाणपत्र यांची जुळवाजुळव निकालानंतर सुरू केली, तर मुदत निघून जाते. ही कागदपत्रे अकरावीतच तयार ठेवावीत.

विद्यार्थ्यांनी आजपासून काय करावे? दहावीच्या विज्ञानातील ‘विद्युतधारेचे परिणाम’ हे प्रकरण गुणांपुरते पाठ न करता समजून घ्यावे. क्ष-किरणांच्या यंत्राचा पाया तेथेच आहे. मानवी सांगाड्यातील हाडांची नावे इंग्रजीतही म्हणता यावीत, कारण पुढील शिक्षण त्याच भाषेत होते. आणि एखादी कृती दहाव्यांदा करतानाही पहिल्याइतकीच काळजीपूर्वक करण्याची सवय लावून घ्यावी. वसतिगृहातील दिनचर्येने ही सवय आपल्या मुलांना बरीचशी लावलेली असते, असा आमचा अनुभव आहे.

आमची शेवटची विनंती माजी विद्यार्थ्यांना आहे. आपल्यापैकी जे रुग्णालयांत, निदान केंद्रांत किंवा लष्करी वैद्यकीय सेवेत आहेत, त्यांनी आपले नाव व कामाचे स्वरूप शाळेच्या कार्यालयात नोंदवावे आणि वर्षातून एक दिवस दहावीच्या वर्गासाठी राखून ठेवावा. येताना रुग्णाचे नाव पुसलेली एखादी जुनी एक्स-रे फिल्म सोबत आणावी. खिडकीच्या उजेडात ती धरून बरगड्या कशा मोजायच्या, हे मुलांना दाखवावे. फुप्फुसे नीट उलगडलेल्या फिल्मवर पाठीकडच्या नऊ-दहा बरगड्या स्पष्ट दिसल्या पाहिजेत. त्या मुलांनी स्वतः मोजून पाहाव्यात.